निवेदनापासून नियमापर्यंत

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या राजकारणाचे वार्तांकन करण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. या कामात आमदारांची संपर्क कार्यालये ओळखीची होतात. सकाळपासून लोक येऊन बसलेले असतात, स्वीय सहायक निवेदने गोळा करत असतो आणि आमदार आले की एकेकाचे ऐकत, तिथल्या तिथे फोन लावत, शिफारसपत्रांवर सह्या करत दोन-तीन तास जातात. कुणाचा डीपी जळालेला असतो, कुणाच्या आईचा निराधारचा पगार बंद झालेला असतो. शेजारच्या गटाला पीकविमा आला आणि आपल्याला का नाही, हे कुणाला विचारायचे असते, तर कुणाचा पेशंट मोठ्या दवाखान्यात अडकलेला असतो. नव्याने निवडून आलेला तरुण आमदार हे सगळे मन लावून करतो. वर्षभरात त्यात आरोग्य शिबिरे, रुग्णवाहिका, वह्यावाटप आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी अभ्यासिका यांची भर पडते. लोक म्हणतात, पोरगं कामाचं आहे. ही पावती खरी असते आणि ती मिळवायला कष्ट पडतात, हे मी नाकारत नाही. पण इतकी वर्षे हे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की आमदाराची समाजसेवा त्या निवेदनांच्या गठ्ठ्यापाशी सुरू होते आणि सभागृहात पूर्ण होते. ती कार्यालयातच थांबली तर मतदारसंघाला एक धडपडा कार्यकर्ता मिळतो, पण आमदाराची जागा रिकामीच राहते.

त्या गठ्ठ्यातले एकच निवेदन घ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतले मासिक अनुदान २०२३ मध्ये हजार रुपयांवरून दीड हजार झाले. निर्णय चांगला होता. पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर सर्वसाधारण लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षे २१,००० रुपयांवरच राहिली. ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाला ५८ रुपयेही पडत नाहीत, तेही एका माणसाचे नव्हे, अख्ख्या कुटुंबाचे. दुसरीकडे २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे केंद्राच्या तेव्हाच्या कायद्याने हमी दिलेले शंभर दिवसांचे काम एखाद्या कुटुंबाने पूर्ण केले, तर त्याच्या हाती २९,७०० रुपये येत आणि निराधार योजनेच्या अटीत ते कुटुंब बसत नसे. मग तहसीलमध्ये जे होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारीला एकवीस हजारांच्या आतला दाखला आणावा लागतो, तलाठ्याला तो द्यावा लागतो आणि दोघांनाही माहीत असते की या आकड्यात कुणाचेही घर चालत नाही. अशा प्रत्येक बाईसाठी आमदार तहसीलदाराला फोन करतो, तेव्हा त्या बाईचे काम होते. पण पुढच्या महिन्यात दुसरी बाई त्याच दारात उभी राहते, कारण अट तशीच असते. ती अट बदलण्यासाठी प्रश्न विचारणे, लक्षवेधी सूचना लावणे, अर्थसंकल्पाच्या चर्चेत अनुदान आणि मजुरी यांचे हे गणित मांडणे, हे काम तहसीलदार करू शकत नाही, कुठली सेवाभावी संस्थाही करू शकत नाही. त्यासाठीच आमदार निवडून दिलेला असतो.

डीपीचेही तसेच आहे. रब्बीच्या ऐन पाण्याच्या पाळीत रोहित्र जळाले की गावातली चार माणसे आमदाराकडे धावतात, आमदार महावितरणच्या अभियंत्याला बोलतो आणि रोहित्र येते. गावाच्या दृष्टीने आमदार धावून आला. वस्तुतः नादुरुस्त रोहित्र किती तासांत बदलून द्यायचे याची मुदत वीज नियामक आयोगाने ठरवून दिली आहे आणि मुदत टळली तर ग्राहकाला भरपाई द्यायची तरतूदही आहे. दाखले आणि फेरफार यांसारख्या सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात मुदत ठरलेली आहे, अपील आहे, अधिकाऱ्याला दंडही आहे. तरीही माणसे हक्काचा अर्ज सोडून आमदाराच्या फोनवर विसंबतात, याचा अर्थ कायदा गावापर्यंत पोचलेला नाही. आपल्या मतदारसंघात मागच्या वर्षी किती रोहित्रे मुदतीनंतर बदलली आणि किती शेतकऱ्यांना भरपाई मिळाली, एवढा एक तारांकित प्रश्न लातूर किंवा नांदेडच्या आमदाराने विचारला तर संबंधित मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते सभागृहाच्या कामकाजात छापले जाते. फोनची नोंद कुठेही राहत नाही. आमदार बदलला की गावाला नव्या माणसाकडे नव्याने जावे लागते.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता असे रुग्णालयाने सांगितले. अपुरे मनुष्यबळ आणि परजिल्ह्यांतून शेवटच्या अवस्थेत येणारे रुग्ण हे मुद्दे पुढे आले. त्या गदारोळात एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि ते दृश्य देशभर दाखवले गेले. लोकांच्या रागाला वाट मिळाली, पण ज्या प्रश्नांची उत्तरे हवी होती ती तशीच राहिली. सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी आधी काही वर्षे हाफकिन महामंडळामार्फत होत होती. त्या पद्धतीतल्या विलंबाच्या तक्रारी वाढल्या, म्हणून २०२३ मध्येच विधिमंडळाने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. कायदा झाल्यावर प्राधिकरण उभे राहिले का, त्याला पूर्णवेळ प्रमुख मिळाला का, मंजूर पदांपैकी किती भरली आहेत, हे प्रश्न नांदेडच्या मृत्यूंनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन विचारले. माझ्या मते ते त्याआधीच सभागृहात यायला हवे होते. आपणच केलेल्या कायद्याची अंमलबजावणी होते की नाही, हे पाहणे विधिमंडळाचे पहिले काम आहे, आणि शिबिरात तपासलेल्या शेकडो रक्तदाबांपेक्षा या एका पाठपुराव्याने जास्त जीव वाचू शकतात.

तरुण आमदाराच्या कारकिर्दीचे मोजमाप निवडणुकीच्या निकालावरून करायचीही आपल्याला सवय आहे आणि या दोन जिल्ह्यांचे निकाल पाहिले तर ती किती अपुरी आहे ते कळते. लातूर ग्रामीणमधून धीरज देशमुख २०१९ मध्ये पहिल्यांदा विधानसभेवर गेले. त्याआधी २०१७ मध्ये ते जिल्हा परिषदेवर निवडून आले होते. विधानसभेला त्यांना १,३५,००६ मते पडली, दुसऱ्या क्रमांकावर २७,५०० मतांसह ‘नोटा’ आला आणि शिवसेनेचा उमेदवार १३,५२४ मतांवर तिसरा राहिला. समोर लढतच उभी राहिली नाही, असा तो निकाल होता. पाच वर्षांनी २०२४ मध्ये त्याच मतदारसंघात त्यांना भाजपचे रमेश कराड यांनी सात हजारांहून कमी मतांनी हरवले. सव्वा लाखाच्या घरातले मताधिक्य २०१९ मध्ये त्यांच्या कामामुळे मिळाले असे म्हणता येणार नाही, कारण आमदार म्हणून त्यांचे काम तेव्हा सुरूच व्हायचे होते. आणि २०२४ चा पराभव केवळ काम न केल्यामुळे झाला असेही म्हणता येत नाही. जागावाटप, सोयाबीनचा पडलेला भाव, आरक्षणाचा प्रश्न, लाडकी बहीण योजना, अशा अनेक गोष्टी त्या निवडणुकीत एकत्र आल्या होत्या. निलंग्यात २००४ मध्ये तिशीही न गाठलेल्या संभाजी पाटील निलंगेकरांनी खुद्द आपल्या आजोबांना, माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना हरवले आणि पुढच्याच निवडणुकीत आजोबांनी ती जागा परत घेतली. विलासराव देशमुख १९९५ मध्ये लातुरात हरले आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. कौल एका दिवसाचा असतो. कामाचा हिशेब पाच वर्षांच्या कामकाजपत्रिकांत असतो आणि तो मागायला कुणी जात नाही.

तो हिशेब कसा दिसतो, याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. कंधारचे केशवराव धोंडगे शेतकरी कामगार पक्षाकडून १९५७ मध्ये पहिल्यांदा विधानसभेवर गेले तेव्हा ते पस्तिशीत होते. त्यांचा पक्ष सत्तेच्या आसपासही नव्हता. कंधार तालुक्यात त्यांनी शिक्षणसंस्था उभी केली, ‘जयक्रांती’ हे साप्ताहिक चालवले, गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवले. समाजसेवा म्हणून एवढे पुरेसे होते. पण मन्याड खोऱ्याच्या या माणसाला महाराष्ट्राने लक्षात ठेवले ते सभागृहातल्या आयुधांवरच्या पकडीसाठी. औचित्याचा मुद्दा कधी काढायचा, नियमाच्या कोणत्या कलमाखाली सरकारला उभे करायचे, हे त्यांना तोंडपाठ होते. २०२२ मध्ये त्यांच्या शंभरीनिमित्त विधानसभेने अभिनंदनाचा ठराव केला. १ जानेवारी २०२३ रोजी ते गेले. सत्तेत नसलेला, निधी नसलेला, छोट्या पक्षाचा आमदार काय करू शकतो, असे विचारणाऱ्या कोणत्याही तरुण प्रतिनिधीने धोंडग्यांची भाषणे काढून वाचावीत.

याहून मोठा पुरावा रोजगार हमीचा आहे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. गावात काम मागणाऱ्या हाताला काम द्यायचे, ही कल्पना त्यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात प्रयोग म्हणून राबवून घेतली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. मराठवाड्याच्या ज्या पिढीने तो दुष्काळ पाहिला, ती खडी फोडून जगली हे आजही गावोगाव सांगितले जाते. पण पागे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे वेगळेपण यापुढे आहे. दुष्काळ संपल्यावर कामे बंद करून ती मंडळी मोकळी झाली नाहीत. शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून पैशाची सोय झाली, १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून काम मागणे हा महाराष्ट्रातल्या ग्रामीण माणसाचा कायदेशीर हक्क झाला. देशाचा कायदा यायला त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे लागली. त्या काळात कितीतरी आमदारांनी दुष्काळी गावांना धान्य वाटले असेल, स्वतःच्या खिशातून वाटले असेल. त्या धान्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण ते धान्य त्या हंगामापुरते होते आणि हा कायदा अजून आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो कार्यकर्त्यांकडून, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, लग्नाला गेला नाही, दहाव्याला दिसला नाही, फोन उचलला नाही, तर पुढच्या वेळी आमदार घरी बसतो; लक्षवेधी कुणी वाचत नाही. हे खरे आहे आणि त्यात मतदाराची चूक काढण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्या माणसाला तहसीलचा एक कागद मिळवायला चार खेटे घालावे लागतात, त्याच्यासाठी आमदाराचा फोन हाच सरकारपर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता असतो. त्याला सभागृहाचे महत्त्व समजावून सांगणे म्हणजे तहानलेल्या माणसाला धरणाचा आराखडा दाखवणे होईल. म्हणून कार्यालय बंद करा, असे मी म्हणत नाही. त्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक निवेदनाची गाव, विषय आणि खात्यानुसार नोंद ठेवा, असे म्हणतो. एकाच तक्रारीची चाळीस निवेदने आली तर ते चाळीस माणसांचे दुर्दैव नसते, तिथे नियम चुकलेला असतो किंवा जागा रिकामी असते किंवा निधी अडलेला असतो. अधिवेशनाच्या आधी ती वही उघडली की प्रश्न आपोआप तयार होतात. हे करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. एक शिकलेला मुलगा आणि एक संगणक पुरतो. हल्ली बहुतेक तरुण आमदारांकडे समाजमाध्यमे सांभाळायला यापेक्षा जास्त माणसे असतात.

दुसरा आक्षेप सभागृहाच्या अवस्थेबद्दलचा आहे. तिन्ही अधिवेशने मिळून कामकाजाचे दिवस थोडे, त्यातले कित्येक गोंधळात जातात, अनेक खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात, आणि पक्षांतरबंदी कायदा आल्यापासून पक्षादेशाबाहेर मतदान करणे शक्य राहिलेले नाही. मग एकट्या आमदाराने तिथे करायचे तरी काय? मला वाटते, ही अवस्था हाच तिथे जास्त तयारीने जाण्याचे कारण आहे. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. २०२२ मध्ये ती रक्कम तेवढी झाली. त्यातून सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, अंतर्गत रस्ते होतात आणि प्रत्येकावर नावाची पाटी लागते. तोच आमदार ज्या अर्थसंकल्पावर मतदान करतो तो २०२५-२६ मध्ये सात लाख कोटींच्या घरातला होता. पाच कोटींच्या कामांची उद्घाटने करण्यात वर्ष घालवायचे आणि सात लाख कोटींवर न बोलता हात वर करायचा, हे प्रमाण बरोबर नाही. शिवाय समित्या आहेत. लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायत राज समिती, अधीनस्थ विधी समिती यांचे काम अधिवेशनाबाहेरही चालते, तिथे सचिवांना समोर बसवून विचारता येते आणि पक्षाचा आदेश तिथे फारसा आड येत नाही. या कामाची बातमी होत नाही, छायाचित्रही येत नाही. तरुण आमदाराची समाजसेवेवरची निष्ठा मला तिथेच सगळ्यांत स्पष्ट दिसते, कारण तिथे टाळ्या नसतात.

अधीनस्थ विधी समितीचे नाव वाचून वाचकाला ते कोरडे वाटेल, म्हणून लातूरचे पाणी आठवावे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आधी पाच लाख लिटर, मग एका फेरीला पंचवीस लाख लिटर. त्या वेळी सगळ्या पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी टँकर फिरवले, टाक्या बसवल्या, आणि ते करायलाच हवे होते. पण भूजलाचा उपसा कसा आवरायचा, पाणलोट क्षेत्रात पीकनियोजन कसे करायचे, खोल विंधनविहिरींना परवानगी द्यायची का, यासाठी महाराष्ट्राने २००९ मध्येच भूजल कायदा मंजूर केला होता. तो अमलात आला २०१४ मध्ये. त्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध व्हायला २०१८ उजाडले. म्हणजे लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा पाण्याचा कायदा पुस्तकात होता आणि तो चालवायचे नियम नव्हते. कायद्याखालचे नियम का झाले नाहीत, हे विचारायचा अधिकार असलेली समिती विधिमंडळाकडे आहे. उसाखालच्या क्षेत्राचा आणि भूजलाचा प्रश्न साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात राजकीयदृष्ट्या अवघड आहे, हे मला समजते. म्हणूनच तो टँकरच्या उद्घाटनाने टाळला जातो.

तिसरा आक्षेप घराण्यांचा. भोकरमधून २०२४ मध्ये निवडून आलेल्या तिशीतल्या श्रीजया चव्हाण या शंकरराव आणि अशोकराव या दोन माजी मुख्यमंत्र्यांच्या घरातली तिसरी पिढी. लातुरात देशमुख, निलंग्यात निलंगेकर. मग तरुण आमदाराची कारकीर्द आणि समाजसेवा हा विषय शेवटी दोन-चार घरांपुरताच नाही का? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. नावाने दार उघडते, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांच्या नावाचा आज उपयोग होतो, ती माणसे पायऱ्या चढून वर आली होती. शंकरराव चव्हाण नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष होते, मग आमदार, मग पाटबंधारे खाते सांभाळताना त्यांनी जायकवाडीसारखी कामे मार्गी लावली. विलासराव १९७४ मध्ये बाभळगावचे सरपंच झाले आणि १९८० मध्ये आमदार. ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका यांत माणूस अंदाजपत्रक वाचायला शिकतो, अधिकारी काय सांगतो आणि काय लपवतो ते शिकतो. घराणे नसलेल्या पोराला वर यायला हीच वाट आहे. आणि नेमकी हीच वाट आपण बंद ठेवली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे राज्यघटना सांगत असताना २०२२ मध्ये मुदत संपलेल्या लातूर आणि नांदेडच्या जिल्हा परिषदा व महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. या निवडणुका ज्या खटल्यात अडकल्या तो आरक्षणाचा होता आणि गुंतागुंतीचा होता, हे मान्य. पण त्या काळात एक पिढी सदस्य, सभापती, नगरसेवक होण्यावाचून राहिली. घराणेशाहीवर बोलणाऱ्या प्रत्येक आमदाराने सभागृहात यावर किती वेळा आवाज उठवला, हे तपासायला हवे.

मराठवाड्याला हा हिशेब इतरांपेक्षा जास्त लागतो, कारण इथले दुखणे मोजल्याशिवाय कधी ऐकले गेलेले नाही. १९८४ मध्ये दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष रुपयांत मोजला आणि मराठवाड्याच्या वाट्याला साडेसातशे कोटींचा आकडा आला, तेव्हा तक्रारीला मुद्द्याचे रूप आले. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. अनुशेष मोजायची ती जागाही गेली. आता तो आकडा सभागृहात मांडणारे आमदारच उरले आहेत.

लातूर जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा आहेत आणि नांदेडमध्ये नऊ. या पंधरा मतदारसंघांतल्या वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी आमदाराच्या कार्यालयात निवेदन द्यायला जाल तेव्हा आपले काम जरूर सांगा, ते करून घ्या. फक्त खाली एक ओळ जास्त लिहा: हाच प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा आणि सरकारने दिलेल्या उत्तराची प्रत मला द्यावी.